इचिरोच्या हिट्स ४३६७ म्हणायच्या की ३०८९?

रेनकोट

काल कूपर्सटाउनचा सोहळा लेकीबरोबर बसून पाहिला. रात्री झोप लागेना, म्हणून हा धागा.

जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकी अमेरिकेच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या सन्मानदालनात, गेला. जानेवारीत मतं मोजली तेव्हाच ते ठरलं होतं, ३९४ पैकी ३९३. आशियात जन्मलेला तो पहिलाच. खेळायचा तेव्हा मुलाखतीला कायम दुभाष्या शेजारी असायचा, काल मात्र अख्खं भाषण इंग्रजीत केलं. ज्या एका मतदाराने मत दिलं नाही त्याला घरी जेवायचं आमंत्रण होतं, ते आता रद्द, असं म्हणून सगळ्यांना हसवलं.

मी २००० च्या डिसेंबरात नोकरीसाठी सिॲटलला आले. ओळखीचं कुणी नाही, दुपारी चारला अंधार, आणि सतत पाऊस. ऑफिसातल्या एका बाईंनी २ एप्रिल २००१ च्या पहिल्या सामन्याचं जास्तीचं तिकीट मला दिलं. मला तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. राइट फील्डला एक सडपातळ जपानी माणूस उभा होता आणि दोन चेंडूंच्या मधल्या वेळेत तो पाय ताणत होता, खांदे फिरवत होता. स्वस्थ म्हणून बसत नव्हता. त्याचाही तो तिथला पहिलाच सामना. दोन हिट्स काढल्या त्याने. त्या दिवसापासून मी या खेळाची झाले.

ज्यांना बेसबॉल अगदीच नवा आहे त्यांच्यासाठी: फटका मारून, समोरच्या क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे नव्हे तर स्वतःच्या जोरावर, निदान पहिल्या बेसपर्यंत पोचलात की एक हिट. दहातल्या तीन वेळा हे जमलं तर तुम्ही उत्तम फलंदाज. आणि चार बेसच्या चौकोनाच्या, म्हणजे इनफील्डच्या मागे जे तिघे उभे असतात, लेफ्ट, सेंटर आणि राइट, ते आउटफिल्डर.

आता प्रश्न. अमेरिकेत त्याच्या हिट्स ३०८९. त्याआधी जपानमध्ये ओरिक्स ब्लूवेव्हकडून नऊ मोसमांत १२७८. बेरीज ४३६७. अमेरिकेतला विक्रम पीट रोझचा, ४२५६. मग जगात सर्वांत जास्त हिट्स कुणाच्या? मला विचाराल तर इचिरोच्या. घरात मात्र दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारते.

शिवाजीपार्क_कट्टा

रेनकोट, छान लिहिलंय. पण बेरीज मान्य नाही.

आपल्या पद्माकर शिवलकरांच्या प्रथम श्रेणीत ५८९ विकेट्स आहेत. कसोटी एकही नाही. आम्ही त्यांना देवासारखं मानतो, पण त्या विकेट्स कसोटीच्या खात्यात नाही टाकत. विजय मर्चंट यांची प्रथम श्रेणीतली सरासरी ७१.६४, ब्रॅडमनच्या ९५.१४ च्या खालोखाल. म्हणून कसोटीच्या यादीत त्यांना दुसरं बसवतो का? पातळी वेगळी तर खातं वेगळं. यात कुणाचा अपमान नाही.

मामलेदार

हा मारुतीवाल्या सुझुकींच्या घरातला का?

निशीकासाईकर

मामलेदार साहेब, नाही. सुझुकी हे इथे आपल्याकडच्या जाधव-पाटलांसारखं आहे, प्रत्येक ऑफिसात दोन-तीन सापडतात. म्हणूनच तर तो 'इचिरो' झाला.

गोष्ट अशी. नागोयाजवळच्या तोयोयामाचा हा मुलगा १९९१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, चौथ्या फेरीत निवडला गेला, म्हणजे फार कुणाची नजर नव्हती. चेंडू येण्याआधी पुढचा पाय लंबकासारखा हलवायची त्याची पद्धत पहिल्या व्यवस्थापकांना पटत नव्हती. १९९२ आणि ९३ ही दोन वर्षं बहुतेक दुय्यम संघातच गेली. १९९४ ला नवे व्यवस्थापक म्हणून अकिरा ओगी आले. त्यांनी फलंदाजी बदलायला सांगितलंच नाही, रोज खेळवला, आणि एवढ्या सुझुकींमध्ये हा लक्षात राहावा म्हणून पाठीवर आडनावाऐवजी 'इचिरो' लिहून घेतलं. त्या वर्षी १३० सामन्यांत २१० हिट्स. जपानमध्ये एका मोसमात २०० चा आकडा तोवर कुणी गाठला नव्हता. त्या वर्षापासून सलग सात वर्षं फलंदाजीचा किताब त्याच्याकडेच.

गंमत म्हणजे 'इचिरो' ऐकलं की इथे थोरला मुलगा डोळ्यांसमोर येतो, पण हा घरात धाकटा. नावातलं दुसरं अक्षर वेगळं आहे, त्याचा अर्थ उजळ, प्रसन्न असा होतो.

तिसरी_घंटा

नावाची माहिती आवडली. वाचत आहे.

आकडेमोड

कट्टा, तुमच्या मुद्द्याचा गाभा असा की जपानमधली पातळी खालची होती, म्हणून तिथल्या हिट्स स्वस्त. स्वस्त होत्या का, हे तपासता येतं. काल रात्री वही घेऊन बसलो.

१९९४ ते २०००, म्हणजे तो तिथे नियमित खेळला ती सात वर्षं: ८६८ सामने, १२४२ हिट्स. सामन्यामागे १.४३.

२००१ ते २०१०, म्हणजे सिॲटलची पहिली दहा वर्षं: १५८८ सामने, २२४४ हिट्स. सामन्यामागे १.४१.

पुन्हा वाचा. १.४३ आणि १.४१. समुद्र ओलांडला, पिचर म्हणजे गोलंदाज बदलले, प्रवास बदलला, मोसम १३०-१३५ सामन्यांचा होता तो १६२ चा झाला, वय सत्तावीसचं छत्तीस झालं, आणि फरक दुसऱ्या दशांश स्थळावर. हिट्स स्वस्त असत्या तर इथे भाव कोसळायला हवा होता.

दुसरं असं की जपानमध्ये मोसमच छोटा. तेवढीच वर्षं तो १६२ सामन्यांच्या लीगमध्ये असता तर बेरीज ४३६७ च्या पुढे गेली असती. म्हणजे जपानने त्याला फुकटच्या हिट्स दिल्या नाहीत, उलट सामने कमी दिले.

रोझचा दर सांगायचा तर ३५६२ सामन्यांत ४२५६, म्हणजे १.१९. इचिरोचा अमेरिकेतला शेवटपर्यंतचा दर १.१६, कारण चाळिशीत तो बऱ्याचदा बदली म्हणूनच उतरत होता.

शिवाजीपार्क_कट्टा

वहीला सलाम. पण यातून एवढंच सिद्ध झालं की इचिरो दोन्हीकडे सारखाच थोर होता. जपानी लीग अमेरिकन लीगइतकीच कठीण होती हे कुठे सिद्ध झालं? एका असामान्य माणसाच्या आकड्यावरून लीगची उंची मोजता येत नाही. तिथे चांगले खेळलेले कितीतरी फलंदाज अमेरिकेत चाचपडले आहेत.

आकडेमोड

हा मुद्दा रास्त आहे. मान्य. पण मग प्रश्न लीगचा उरतो, त्याच्या हिट्सच्या किमतीचा नाही.

लेफ्टी

मी डावखुरा, त्यामुळे या माणसावर माझा विशेष जीव.

खरं तर तो उजव्या हाताचा. चेंडू उजव्या हाताने फेकतो, फलंदाजी तेवढी डावीकडून करायचा. डावखुरा फलंदाज पहिल्या बेसच्या बाजूला उभा असतो, म्हणजे पळायला दोन पावलं कमी. इचिरोने त्या दोन पावलांचं सोनं केलं. चेंडू बॅटला लागतो न लागतो तोवर शरीर पहिल्या बेसकडे निघालेलं असायचं. शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, सरपटत गेलेला चेंडू इतरांसाठी हमखास बाद, इचिरो असेल तर शॉर्टस्टॉपची धांदल. त्याच्या कितीतरी हिट्स इनफील्डच्या बाहेरही गेलेल्या नाहीत.

२००४ मध्ये २६२ हिट्स, त्यातल्या २२५ नुसत्या सिंगल्स, म्हणजे एका बेसच्या. हे दोन्ही आकडे अजून कुणी मोडलेले नाहीत.

गच्चीवरून

सगळे आरती ओवाळताहेत, म्हणून मी दुसरी बाजू मांडते. राग मानू नका.

लेफ्टी म्हणतात तेच मला खटकतं. सिंगल्स, सिंगल्स आणि सिंगल्स. एकोणीस मोसमांत होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, ११७. चार खराब चेंडू सोडून फुकट बेस मिळवणं, ज्याला वॉक म्हणतात, ते त्याला फारसं आवडायचंच नाही, त्यामुळे बेसवर पोचण्याचं प्रमाण ०.३५५. ठीक आहे, पण अद्वितीय नाही. संघाला जिंकून देणारा फलंदाज आणि हिट्स गोळा करणारा फलंदाज यात फरक आहे. २००१ ला त्याच्या संघाने, सिॲटल मरिनर्सनी ११६ सामने जिंकले खरे, पण त्यानंतर त्याच्या संपूर्ण काळात सिॲटल एकदाही प्लेऑफला, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीला, गेलं नाही. मग हिट्स ४३६७ असोत की ३०८९, त्यांचं केलं काय?

लेफ्टी

संघ हरला यात लीडऑफ म्हणजे सलामीच्या फलंदाजाचा दोष कसा? तो बेसवर पोचला, मागच्यांनी आणला नाही.

रेनकोट

गच्चीवरून, राग कसला. पण तुम्ही त्याचा अर्धाच खेळ मोजला. तो आउटफिल्डर होता हो! बॅट हातात असायची दिवसाला चार-पाच वेळा. समोरच्या संघाच्या फलंदाजीत तो पूर्ण वेळ राइट फील्डला असायचा.

राइट फील्डला दणकट हात का लागतो, हे मला कुणीतरी रुमालावर चौकोन काढून समजावलं होतं. पहिल्या बेसवर माणूस आहे, फटका राइटला गेला. त्या माणसाला दुसऱ्यावर थांबायचं की तिसऱ्यावर पळायचं ते ठरवायचं असतं. राइटपासून तिसरा बेस सगळ्यांत लांब, म्हणून बहुतेकजण बिनदिक्कत पळतात.

११ एप्रिल २००१, ओकलंड. इचिरोचा अमेरिकेतला पहिला मोसम सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. पहिल्या बेसवर टेरेन्स लाँग, फटका राइटला, लाँग तिसऱ्याकडे निघाला. कुणीही निघालं असतं. इचिरोने पुढे येत चेंडू उचलला आणि सोडला. चेंडू वर गेलाच नाही. दोरीला बांधून ओढावा तसा सरळ गेला. टप्पा नाही, मध्ये कुणी झेलणारा नाही. तिसऱ्या बेसवरच्या डेव्हिड बेलला हातमोजा हलवावासुद्धा लागला नाही, आणि लाँग सरकत सरकत त्या मोज्यावरच येऊन पोचला. बाद.

मी टीव्हीवर पाहत होते. चहा गार झाला. इथली माणसं आजही नुसतं 'तो थ्रो' म्हणतात आणि सगळ्यांना कळतं कुठला.

त्यानंतर काय झालं, ते हिशेबात कुठे दिसतं? पहिल्या बेसवरची माणसं राइटला चेंडू गेला की दुसऱ्यावर थांबायला लागली. जो पळालाच नाही त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. क्षेत्ररक्षणाचे सलग दहा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळाले ते यासाठी. पदार्पणाच्या वर्षातच नवोदितांचा किताब आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताब, दोन्ही. आधी हे फक्त १९७५ ला फ्रेड लिनला जमलं होतं. तोही आउटफिल्डरच.

गच्चीवरून

'जो पळालाच नाही.' हे मी खरंच धरलं नव्हतं. एक पाऊल मागे घेते. अर्धंच हं.

क्रीडाशिक्षक_जळगाव

नमस्कार. मी इथे फार लिहीत नाही, पण राइट फील्डचं वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्या शाळेत सॉफ्टबॉल आहे, चार वर्षांपासून बेसबॉलही सुरू केलं. बाहेर अनेकांना माहीत नसतं, पण शालेय क्रीडा स्पर्धांत दोन्ही खेळ असतात. आमच्याकडे ग्लोव्ह अकरा, त्यातले तीन शिवून शिवून वापरतो.

प्रत्येक संघात एक पोर असतं ज्याला आपण राइट फील्डला पाठवतो. बहुतेक मुलं उजव्या हाताने खेळतात, त्यांचे फटके दुसऱ्या बाजूला जास्त जातात, राइटकडे चेंडू कमी येतात. म्हणून जो कच्चा तो तिकडे. मुलांनाही ते कळतं. राइटला पाठवलेली मुलगी मान खाली घालून जाते. हे मी स्वतः वर्षानुवर्षं केलं आहे.

रेनकोट ताई, तुम्ही म्हणता त्या थ्रोचा व्हिडिओ आज मधल्या सुट्टीत वर्गात लावला. दोनदा, मग मुलींनी मागितला म्हणून तिसऱ्यांदा. आठवीतली एक मुलगी म्हणाली, सर, राइटवाल्याचा हात इतका लागतो तर आपण तिथे कच्चा माणूस का ठेवतो? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक विचारायचं होतं. त्याचं साहित्य सांभाळण्याबद्दल खूप ऐकलंय. खरं आहे का? आमच्याकडे ग्लोव्ह पावसाळ्यात बुरशीने जातात.

निशीकासाईकर

सर, खरं आहे. ग्लोव्ह तो स्वतः पुसायचा, स्वतः तेल लावायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. बॅटा मिझुनोच्या कारागिराने खास बनवलेल्या, आणि त्या आर्द्रता राखणाऱ्या पेटीत ठेवून फिरायचा, कारण लाकडाने दमटपणा शोषला की वजन बदलतं. बाद झाल्यावर बॅट आपटताना त्याला पाहणं दुर्मीळ. बॅट आपटणं म्हणजे ती बनवणाऱ्या माणसाचा अपमान, असं इथे लहान मुलांनाही सांगतात.

बुरशीसाठी: वापरल्यावर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत, वाऱ्याला ठेवा. उन्हात नको, चामडं तडकतं. आत जुना चेंडू ठेवून बांधलात तर आकार राहतो.

मामलेदार

अवांतर: तो रोज सकाळी करी खायचा म्हणतात, ते खरं का?

निशीकासाईकर

बरीच वर्षं खायचा, बायकोच्या हातची करी-भात. पुढे ते बदललं. आपल्या रश्श्याच्या अपेक्षेने जपानी करी खाल तर फसाल, ती गोडसर आणि दाट असते. पण सवय लागते. माझ्या मुलांना तर आता आमटीपेक्षा तीच हवी.

बांधावरचा

हा धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला चौथीत होतो. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप. आमच्या गावात काय झालं ते इथे लिहीत नाही. त्यानंतर दोन वर्षं आमची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरली.

पुढे स्थापत्य शिकलो, आणि भूकंपरोधक बांधकामाच्या एका प्रशिक्षणासाठी कोबेला जायला मिळालं. तिथे १७ जानेवारी १९९५ ला भूकंप झाला, तोही पहाटेच, पावणेसहाला. ६४३४ माणसं गेली. बंदराजवळ उखडलेल्या धक्क्याचा एक तुकडा त्यांनी तसाच राखलाय, वाकलेल्या दिव्याच्या खांबांसकट. मी तिथे बराच वेळ उभा होतो. सोबतचे जपानी अभियंते माझ्याच वयाचे. मी किल्लारीचं सांगितलं, तर ते आधी गप्प झाले आणि मग बेसबॉलबद्दल बोलायला लागले. मला वाटलं विषय बदलताहेत. तसं नव्हतं.

ओरिक्सचं मैदान तेव्हा कोबेत. इचिरो त्या पहाटे संघाच्या वसतिगृहातच होता. शहर जळत होतं, रेल्वेमार्ग कोसळले होते, सामने दुसरीकडे न्यावेत अशी चर्चा होती. सामने कोबेतच होतील असं मालकांनी ठरवलं. खेळाडूंच्या बाहीवर 'गांबारो कोबे' शिवलं, म्हणजे कोबे, धीर धर, आपण उभे राहू. त्या वर्षी ओरिक्सने लीग जिंकली, पण विजेतेपद ठरलं ते बाहेरगावच्या सामन्यात. घरच्या मैदानावर जिंकून दाखवायचं राहून गेलं. १९९६ ला ते पुन्हा जिंकले, आणि या वेळी कोबेत. दहाव्या डावात इचिरोच्या दोन बेसच्या फटक्यावर. मग जपान सिरीजमध्ये, म्हणजे देशाच्या विजेतेपदाच्या लढतीत, बलाढ्य योमिउरी जायंट्सनाही हरवलं.

त्यातला एक अभियंता तेव्हा सातवीत होता आणि तात्पुरत्या घरात राहत होता. तो म्हणाला, त्या दोन वर्षांत आमच्या वसाहतीत सगळ्यांच्या रेडिओवर एकच आवाज असायचा.

धाग्याचा प्रश्न हिट्स मोजायच्या की नाही हा आहे. १९९५ च्या मोसमात त्याच्या १७९ हिट्स. कट्टा, तुमचं खातं वेगळं ठेवा, माझी हरकत नाही. पण त्या १७९ खालच्या पातळीच्या होत्या असं त्या अभियंत्यासमोर मला म्हणवणार नाही.

शिवाजीपार्क_कट्टा

बांधावरचा, मी 'खालच्या' हा शब्द वापरला नव्हता, 'वेगळी' म्हटलं होतं. पण माझ्या मनात खालचीच होती, हे तुमचं वाचताना कळलं. क्षमस्व.

रेनकोट

बांधावरचा, लिहिलंत ते फार बरं केलंत. चोवीस वर्षं मी या माणसाच्या मागे आहे, आणि कोबे मला फक्त त्याच्या जुन्या संघाचं गाव म्हणून माहीत होतं.

गच्चीवरून

माझा दुसरा आक्षेप आहे, तोही लिहून टाकते. सहावीत असताना त्याने निबंध लिहिला होता, तो जपानमध्ये प्रसिद्ध आहे. तिसरीपासून वर्षातले ३६० दिवस कसून सराव करतो, म्हणून व्यावसायिक खेळाडू होणारच, असं त्यात आहे. सगळे तो निबंध कौतुकाने पुढे ढकलतात. मी आई म्हणून वाचते तेव्हा पोटात कालवतं. तो मुलगा मित्रांबरोबर नुसतं हुंदडला कधी? आपल्याकडे पहाटे साडेपाचला किटबॅग ओढत निघालेली पोरं बघा. त्यातला एक इचिरो होतो. बाकीच्यांचं बालपण कोण परत देतं?

क्रीडाशिक्षक_जळगाव

ताई, शंभर टक्के सहमत. माझ्याकडे पालक येतात, क्रीडा गुणांसाठी मुलाला घाला म्हणतात. मुलाला विचारलं का, म्हटलं की गप्प.

लेफ्टी

पण निवृत्तीनंतर तो काय करतोय तेही पाहा. शाळांमध्ये जाऊन शिकवतो, मुलींच्या निवडक शालेय संघाविरुद्ध सामना खेळतो आणि स्वतः पिचिंग करतो, तेही पूर्ण ताकदीने. दमलेला, विटलेला माणूस पन्नाशीत असं करत नाही. त्याला हा खेळ मनापासून आवडतो असंच मला वाटतं.

निशीकासाईकर

लेफ्टींना अनुमोदन. मी २१ मार्च २०१९ ला टोक्यो डोममध्ये होतो.

मरिनर्स मोसमाचे पहिले दोन सामने खेळायला इथे आले होते. सामना चालू असतानाच बातमी फुटली की आज शेवटचा. शेजारच्या आजोबांनी फोन माझ्यासमोर धरला, काही बोलले नाहीत. आठव्या डावात तो शेवटचा फलंदाजीला आला. पंचेचाळीस वर्षांचा. शॉर्टस्टॉपकडे सरपटता चेंडू, आणि तो पळाला. लेफ्टी वर म्हणाले तसाच, पहिल्या पावलापासून. थोडक्यात बाद. त्या रात्री चार वेळा आला, एकही हिट नाही. पण तो शेवटचा चेंडू पाहून मला २००१ चाच माणूस दिसला, फक्त बेस एक पाऊल लांब गेला होता.

मग तो राइट फील्डला गेला, आणि व्यवस्थापकांनी सगळ्या संघाला आत बोलावून त्याला एकट्याला निरोप घेऊ दिला. त्याच रात्री पदार्पण करणारा युसेई किकुची त्याच्या गळ्यात पडून रडला. सामना बारा डाव चालला. संपल्यावर एक माणूस उठला नाही. कितीतरी वेळाने तो परत आला आणि मैदानाला फेरी मारली. मी शेवटच्या गाडीला कसाबसा पोचलो.

तिसरी_घंटा

मूळ प्रश्नाकडे येते. 'वेगळं खातं' हा नियम अमेरिकन बेसबॉलने स्वतःच अलीकडे बदललाय.

कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ पर्यंत मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये, प्रवेशच नव्हता. ते त्यांच्या स्वतःच्या नीग्रो लीग्जमध्ये खेळत. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधल्या अशा सात लीग्जना मेजर लीगचा दर्जा दिला गेला, आणि २०२४ ला ते आकडे अधिकृत नोंदींत आले. जॉश गिब्सन ०.३७२ सरासरीने कारकिर्दीच्या यादीत पहिला आला, आधी पहिला असलेल्या टाय कॉबच्याही वर. विली मेज, बहुतेकांच्या मते आजवरचा सर्वश्रेष्ठ आउटफिल्डर, त्याच्या ३२८३ हिट्सच्या ३२९३ झाल्या, कारण बर्मिंगहॅमकडून १९४८ मध्ये काढलेल्या दहा धरल्या गेल्या.

म्हणजे कुठली लीग 'मोठी' हे आभाळातून पडत नाही. माणसं ठरवतात, आणि चुकलं तर दुरुस्तही करतात.

आकडेमोड

उत्तम मुद्दा, पण एक फरक आहे. त्या खेळाडूंना दार बंद होतं, तो अन्याय होता, म्हणून दुरुस्ती झाली. जपानची लीग स्वतंत्र देशाची, स्वतःच्या मानाची. तिला अमेरिकेच्या खात्यात घालणं म्हणजे उलट तिचा मान कमी करणं, असंही कुणी म्हणेल.

शिवाजीपार्क_कट्टा

आता मी गोंधळलोय, पण चांगल्या अर्थाने.

क्रिकेटमध्येही हे आहेच. जॅक हॉब्सची प्रथम श्रेणी शतकं १९७ की १९९, यावर अजून एकमत नाही, कारण काही सामने त्या दर्जाचे धरायचे की नाही यावर वाद आहे. आणि आपले भाऊसाहेब निंबाळकर. १९४८ ला पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ धावा कमी असताना समोरच्या संघाने सामनाच सोडला. कसोटी त्यांना कधीच मिळाली नाही. ४४३ सांगताना 'पण रणजीत' असं आपण पुढे जोडतो का? नाही जोडत. छाती फुगवून सांगतो.

माझं सुधारित मत: मेजर लीगचा विक्रम रोझचा, ४२५६. व्यावसायिक बेसबॉलमध्ये सर्वांत जास्त हिट्स इचिरोच्या, ४३६७. दोन्ही वाक्यं खरी. २०१६ ला इचिरोने ४२५७ वी काढली तेव्हा रोझ चिडून म्हणाला होता की आता त्याच्या शाळेतल्या हिट्सही मोजाल. ते बोलणं मात्र मला अजिबात आवडलं नाही.

रेनकोट

कट्टा, हे मला चालेल. घरी दुसऱ्या तटाला वाचून दाखवलं. लेक म्हणते, मी हेच म्हणत होते.

एक गोष्ट सांगायची राहिली. १ ऑक्टोबर २००४. जॉर्ज सिसलरचा एका मोसमातल्या २५७ हिट्सचा विक्रम १९२० पासून उभा होता, चौऱ्याऐंशी वर्षं. इचिरोने तो आमच्या मैदानावर मोडला. तेव्हाही हाच वाद झाला होता, कारण सिसलर १५४ सामने खेळला आणि इचिरोला १६२ मिळाले. पण सिसलरची मुलगी, ऐंशी ओलांडलेली, नातेवाइकांबरोबर पहिल्या रांगेत बसली होती. फटका गेला, फटाके सुटले, संघातले सगळे धावत आले. आणि तो त्या गर्दीतून निघून कठड्यापाशी गेला, वाकला, आणि तिचा हात हातात घेतला. २००९ ला सेंट लुईसला गेला तेव्हा सिसलरच्या कबरीवर फुलं ठेवून आला.

ज्याचा विक्रम मोडला त्याच्याशी तो असा वागला. म्हणून बेरजेचा हट्ट मी सोडते. त्याने स्वतः तो कधी धरलाच नव्हता.

मामलेदार

शेवटचे दोन प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले. ती विचारतेय सामने कुठे दिसतात.

क्रीडाशिक्षक_जळगाव

आज शनिवार, सकाळची शाळा. पाऊस थांबला म्हणून मैदानावर गेलो. टेप धरून बेस आखले, दोन बेसमध्ये २७.४ मीटर, मोठ्यांचं पूर्ण अंतर. परवा प्रश्न विचारणारी आठवीतली मुलगी स्वतःहून राइटला जाऊन उभी राहिली. म्हटलं, तिसऱ्या बेसवर फेक. पहिला थ्रो पिचरपर्यंतच आला. दहावा-बारावा दोन टप्प्यांत तिसऱ्यावर पोचला.

निशीकासाईकर, ग्लोव्ह पुसून स्टाफरूमच्या खिडकीत ठेवलेत, आत चेंडू घालून. दोरीऐवजी सायकलची जुनी ट्यूब कापून बांधली, चालेल ना?

निशीकासाईकर

चालेल सर. फार घट्ट नका बांधू.